क्यूच्या गोल बटवर शिंपल्याचं व्हेनियर: किती जाड, कसं कापायचं, कधी बसवायचं

बटस्लीव्ह (छत्रपती संभाजीनगर)

पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) खेळायच्या काठीला, म्हणजे क्यूला, शिंपल्याच्या चार पाकळ्या जडवायच्या आहेत. जागा बटस्लीव्ह, म्हणजे बटचा (क्यूच्या मागच्या जाड अर्ध्याचा) शेवटचा भाग. मापं आधी देतो, म्हणजे बोलणं नेमकं होईल.

लाकूड शिसव, चांगलं मुरलेलं. पाकळ्या येतील तिथं तयार क्यूचा व्यास ३० मिमी. प्रत्येक पाकळी १२ मिमी रुंद, ४० मिमी लांब, दोन्ही टोकं निमुळती. माल दोन प्रकारचा आहे. एक, पाउआचे (न्यूझीलंडच्या निळ्या-हिरव्या शिंपल्याचे) पातळ थर रेझिनमध्ये दाबून केलेलं ०.२ मिमीचं व्हेनियर. दुसरा, पांढऱ्या शिंपेच्या अखंड चकत्या, १.३ मिमी जाड. मशीन म्हणजे तीन अक्षांचं लहान सीएनसी (संगणकावर चालणारं) राउटर, त्यावर फिरती चक. स्पिंडल २४,००० आरपीएम, कोलेट (कटर पकडणारी चिमटी) ईआर ११.

पाकळी व्हेनियरची करावी की चकतीची? कटर कोणता आणि फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) किती? खाच आधी की टेपर (क्यूचा निमुळता आकार लेथवर उतरवणं) आधी? आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये इपॉक्सी कशी सांभाळायची?

चौथाअक्ष (वाळूज)

कटरचा विचार नंतर. आधी गोलाईचं गणित करा, कारण १२ मिमी रुंद पाकळी आणि १.३ मिमी सपाट चकती यांचं ३० व्यासावर जमतच नाही.

सपाट तुकडा गोल लाकडात बसवला की मध्यभाग लाकडाच्या माथ्याशी जुळतो आणि कडा वर राहतात. लेथवर गोल उतरवताना त्या कडा कापल्या जातात. किती कापल्या जातात ते त्रिज्या आणि रुंदी यांवर ठरतं: त्रिज्येतून वजा करा, त्रिज्येचा वर्ग उणे अर्ध्या रुंदीचा वर्ग यांचं वर्गमूळ. ३० मिमी व्यासाला ४ मिमी रुंदीत कड ०.१३ मिमीने उतरते, ६ मध्ये ०.३०, ८ मध्ये ०.५४, १० मध्ये ०.८६ आणि १२ मध्ये १.२५. म्हणजे तुमच्या १.३ च्या चकतीला कडेला काहीच उरत नाही. दिसायला पाकळीची बाहेरची रेघ विरघळल्यासारखी होईल आणि तिथं फक्त गोंद दिसेल.

जॉइंटकडे (क्यूचे दोन भाग जोडतात तिकडे) गेलात तर हे आणखी बिकट होतं. तिथं व्यास साधारण २२ मिमी असतो, आणि त्यावर ६ मिमीलाच ०.४२, ८ ला ०.७५, १० ला १.२० जातात. म्हणून फोरआर्मवरची (बटच्या पुढच्या भागावरची) जडावकामं सहसा अरुंद, लांबट असतात. नक्षी काढताना आधी जाडी आणि व्यास लिहून घ्यावेत, त्यातून रुंदीची मर्यादा काढावी आणि मगच पेन्सिल उचलावी. पुष्कळ सुंदर डिझाइनं इथंच मार खातात.

०.२ चं व्हेनियर सपाट बसवायचं म्हटलं तर कड ०.१ पर्यंतच उतरू देता येते. त्यासाठी ३० व्यासावर रुंदी ३.४ मिमीच्या आत हवी. त्यापेक्षा रुंद असेल तर व्हेनियर वाकवावंच लागतं.

फ्रेमकरवत (नांदेड)

वरचं गणित बरोबर आहे, पण १२ मिमीची पाकळी चकतीतून होते. पाकळी मधल्या शिरेवर उभी चिरायची आणि ६-६ मिमीचे दोन अर्धे करायचे. प्रत्येक अर्ध्याला कड फक्त ०.३० उतरते. क्यू ११.५ अंश एका बाजूला फिरवून एक खाच, ११.५ अंश दुसऱ्या बाजूला फिरवून दुसरी. समोरून मोजलं तर पाकळी ११.७ मिमी दिसेल, तेवढ्याने काही बिघडत नाही.

इथं एक गोष्ट लई जण विसरतात. दोन्ही अर्धे बाहेरच्या बाजूला कललेले असतात, त्यामुळे मधल्या शिरेवर ते तळाशी भिडतात आणि वर फाकतात. १.३ जाडीला वरची फट अर्धा मिलिमीटर होते. टेपर उतरल्यावरसुद्धा साधारण ०.३७ राहते. याला दोन इलाज आहेत. एक, सरळ कड ०.२६ मिमी जास्त ठेवून कापायची आणि खालच्या बाजूनं ११.५ अंशात घासायची, म्हणजे वरच्या कडा एकमेकींना भिडतात. त्यासाठी लाकडाच्या ठोकळ्याला तो कोन देऊन घ्या, त्यावर २४० चा पेपर चिकटवा आणि तुकडा बोटानं दाबून पाण्यात घासा. दुसरा इलाज म्हणजे ती फट मुद्दाम ठेवायची आणि काळ्या इपॉक्सीनं भरायची. पाकळीला शीर असतेच, ती तशीच छान दिसते. पांढऱ्या शिंपेला मी दुसरा पर्याय सुचवेन.

चिरताना दोन्ही अर्धे एकाच चकतीतून, शेजारी-शेजारी घ्या. शिंपेची झळाळी दिशेवर असते. एक तुकडा उलट्या दिशेनं लागला की क्यू फिरवताना अर्धी पाकळी उजळते आणि अर्धी काळवंडते. चारही पाकळ्यांचं तसंच. कापायच्या आधी चकती दिव्याखाली फिरवून मागच्या बाजूला पेन्सिलीनं बाण काढा, क्रमांक घाला.

बटस्लीव्ह (छत्रपती संभाजीनगर)

पांढऱ्यासाठी दोन अर्धे करणं पटलं. पण पाउआचं व्हेनियरही वापरायचं आहे, कारण त्याचा निळा-हिरवा रंग चकतीत एवढ्या आकारात सलग मिळत नाही. ते ३० व्यासावर अखंड १२ मिमी वाकेल का?

चौथाअक्ष (वाळूज)

वाकेल. वाकवताना वरच्या थरावर येणारा ताण म्हणजे जाडी भागिले व्यास. ०.२ भागिले ३० केलं की ०.६७ टक्के येतात. जॉइंटजवळ २२ व्यासाला ०.१५ चं व्हेनियर घेतलंत तर ताण जवळपास तेवढाच येतो. म्हणून बटला ०.२ आणि पुढे ०.१५ असा माल घ्यावा.

थंड व्हेनियर वाकवू नका. ७० अंशांच्या आसपासच्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं ठेवा, आतलं रेझिन मऊ पडतं. लगेच २८ मिमी बाहेरच्या व्यासाच्या पाइपावर गुंडाळा, वरून कापडाची पट्टी बांधा आणि पूर्ण गार होऊ द्या. पाइप क्यूपेक्षा जरा बारीक घ्यायचा, कारण सोडल्यावर तुकडा थोडा उलगडतो. हीट गन वापरायची तर लांबून आणि सतत हलवत, एका जागी थांबलात तर शिंप पांढुरकी, निस्तेज होते आणि तो रंग परत येत नाही.

नक्षी उलगडलेल्या मापात काढा. समोरून १२ मिमी दिसायचं तर पृष्ठभागावर १२.३५ मिमी लागतात. शिवाय बटला टेपर आहे: मागचं टोक ३१.७५ मिमी, जॉइंट साधारण २१.५ आणि मधली लांबी ७३५ मिमीच्या आसपास. म्हणजे प्रत्येक मिलिमीटरला व्यास ०.०१४ ने बदलतो. ४० मिमीच्या पाकळीत हा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या वर जातो. खाच अंशांत प्रोग्राम केली आणि तुकडा मिलिमीटरमध्ये कापला, तर पुढचं टोक घट्ट आणि मागचं सैल बसतं. पाकळीच्या मध्यावरचा खरा व्यास मोजून दोन्ही रेखाचित्रं त्याच मापावर करा. पूर्ण वेढा घालणारी पट्टी करायची असेल तर ती आयताकृती नसते, पंख्याच्या आकाराची निघते.

टेपरबार (जालना)

आता क्रम. व्हेनियर आणि चकती यांचा क्रम बरोबर उलटा असतो. हे नीट कळलं नाही तर बाकी सगळं काम वाया जातं.

चकती टेपर पूर्ण उतरवायच्या आधी बसवायची. तयार व्यास ३० असेल तर त्या वेळी लाकूड ३०.८ ठेवा, म्हणजे त्रिज्येत ०.४ शिल्लक. खाचेची खोली आत्ताच्या माथ्यापासून १.६५ मिमी घ्या: शिल्लक ०.४, तयार माथ्याखाली शिंप १.२ आणि गोंदाला ०.०५. शिंपेचा माथा तयार पृष्ठापेक्षा ०.१ वर राहतो, तेवढा घासायला पुरतो. ६ मिमीच्या तुकड्याला शेवटी कडेला ०.९ मिमी शिंप उरते, ८ च्या तुकड्याला ०.६६. अर्धा मिलिमीटर उरेल इथपर्यंत रुंदी चालते. त्याखाली कड आतून काळी दिसायला लागते आणि धक्क्याला उडते.

व्हेनियर मात्र टेपर पूर्ण उतरवून, सँडिंग करून मगच बसवायचं. ०.२ मिमीत लेथचं हत्यार चालवायला जागाच नाही. तिथं खाचेचा तळसुद्धा गोल हवा, क्यूशी समकेंद्री. तो फिरत्या अक्षावर कटर लांबीच्या दिशेनं चालवून, प्रत्येक फेरीला ०.३ मिमी सरकत मिळतो. ०.८ च्या सपाट कटरचे पैलू या व्यासावर मिलिमीटरच्या हजाराव्या भागात असतात, ते जाणवत नाहीत. खोली ०.२५. वरून येणारं क्लिअर (पारदर्शक पॉलिशचा थर) एका बाजूला ०.१५ धरा, म्हणजे लाकूड २९.७ वर थांबवा.

व्हेनियरची परीक्षा हेलकाव्यात होते. क्यू सेंटरमध्ये ०.१ नं जरी वाकडी फिरत असली तरी एका बाजूची खाच उथळ आणि समोरची खोल जाते. मग सँडिंगमध्ये उथळ बाजूची शिंप संपते. डायल गेज लावून बटच्या तीन ठिकाणी बघा. ०.०३ च्या वर काटा हलत असेल तर काम सुरू करू नका.

फ्रेमकरवत (नांदेड)

सीएनसी नसलेल्यांसाठी हाताचं थोडं लिहितो, कारण मशीनवाल्यांनाही टोकं शेवटी हातानंच काढावी लागतात.

चकतीला सोनारकामाची फ्रेम करवत, पातं ४/०. दात खाली. १.३ जाडीत एका वेळी तीनेक दात बसले पाहिजेत, त्याहून भरड पातं कड फोडतं. खालच्या फळीला इंग्रजी व्ही सारखी चीर पाडून चकती त्यावर ठेवा, पातं उभं, हात सावकाश. वळणावर करवत वळवायची नाही, चकती वळवायची. कागदावरची नक्षी गोंदानं चकतीवर चिकटवली की रेघ पुसत नाही.

०.२ चं व्हेनियर करवतीनं थेट कापलं तर कडेचे टवके निघतात. दीड मिलिमीटरच्या दोन प्लायमध्ये दाबून, तिन्ही मिळून कापा. साधा आकार असेल तर ११ नंबरच्या सर्जिकल ब्लेडनं पट्टी लावून हलके हलके सहा-सात ओरखडे ओढा आणि मग मोडा. एका ओढीत कापायचा हट्ट केला की चीर रेघ सोडून थरांच्या मधून पळते.

आपल्या भागात बिदरीचं काम सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तिथं चांदी खाचेत ठोकली की पसरते आणि खाचेच्या कडेला धरून राहते, म्हणून कारागिराला थोडी फट चालते. शिंप ठोकली तर फुटते. तिला लाकडात धरून ठेवणारी गोष्ट एकच, गोंदाची सारखी पातळ फट. म्हणून तुकडा खाचेत दाबून बसवायचा नाही. बोटानं सोडला की स्वतःहून तळाला गेला पाहिजे.

चौथाअक्ष (वाळूज)

फट किती, ते आकड्यात: प्रत्येक बाजूला ०.०४ ते ०.०५ मिमी. ०.०८ च्या वर गेली की शिसवीतसुद्धा रेघ दिसते, मेपलसारख्या फिक्या लाकडात तर ०.०५ च दिसते.

कटर ०.८ मिमी, कार्बाइड, दोन फ्लूट (धारा). टोकांसाठी ०.५. शिंपेत २४,००० आरपीएमला फीड १५० ते २०० मिमी प्रति मिनिट, एका पासला ०.२ मिमी खोली. शिसवीत त्याच कटरनं ३०० ते ४०० चालतं, पास ०.३. कटर सरळ खाली घुसवू नका, ३ ते ५ अंशांच्या उतारानं उतरवा. कटर तुटण्याची कारणं बहुतेक वेळा फीडमध्ये नसतात, कोलेटमध्ये असतात. ईआर ११ मध्ये धूळ बसली की ०.०२-०.०३ चा हेलकावा येतो आणि ०.५ च्या कटरला तेवढा पुरतो. प्रत्येक कटर बदलताना कोलेट आणि नट दोन्ही ब्रशनं साफ करा.

टोकांबद्दल. गोल कटर आतला कोपरा कधीच टोकदार करत नाही. खाचेचं टोक कटरच्या त्रिज्येएवढं (०.८ च्या कटरला ०.४, ०.५ च्या कटरला ०.२५) गोल येणार आणि तुकड्याचं बाहेरचं टोक मात्र टोकदार कापता येतं, म्हणून तुकडा तिथं अडतो. रेखाचित्रात दोन्हीकडे, आतल्या आणि बाहेरच्या सगळ्या कोपऱ्यांना कटरच्या त्रिज्येएवढी गोलाई आधीच द्या. ती नको असेल तर खाचेचं टोक पातळ पटाशीनं हातानं काढा. चार पाकळ्या म्हणजे आठ टोकं, काम फार नाही आणि दिसायला फरक मोठा पडतो.

शिंप कार्बाइडला झिजवते. बाहेरून कापताना कटर ०.०२ ने झिजला की तुकडा तेवढाच मोठा निघतो. म्हणून आधी सगळे तुकडे कापा. मग त्याच शिसवीच्या टाकाऊ दांडक्यात, त्याच व्यासावर एक खाच घेऊन तुकडा बसवून बघा. खाच अजून ०.०१ ने वाढवता येते, लहान करता येत नाही. खऱ्या बटला कटर सगळ्यात शेवटी लागला पाहिजे.

शिसव_लातूर

शिंप कापताना ती धरून कशी ठेवता? दुहेरी टेप पाण्यात सुटते.

चौथाअक्ष (वाळूज)

जाड ॲक्रिलिकचा तुकडा मशीनवर सपाट करून घ्या. त्यावर मास्किंग टेप, चकतीच्या मागेही मास्किंग टेप आणि दोन टेपांच्या मध्ये पातळ फेवीक्विक. वरून मिनिटभर दाब. पाण्याच्या ट्रेमध्येही एवढं टिकतं. सोडवताना टेप सोलून काढायची. व्हेनियर ॲसिटोनमध्ये बुडवून सोडवू नका, आतलं रेझिन फुगतं आणि थर उकलतात. अखंड चकतीला ॲसिटोन चालतो.

पाणी चकतीच्या वर ३-४ मिमी. त्याचं काम दोन प्रकारचं आहे: कटर थंड राहतो आणि धूळ उडत नाही. शिंप म्हणजे मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेट, तिची बारीक धूळ फुप्फुसांना चांगली नाही. कोरडं घासायचं झालं तर एन९५ किंवा त्याहून वरचा मास्क आणि कामाजवळ व्हॅक्यूमची नळी, हे सोडून काम करू नका. ट्रेमधलं पाणी रात्रभर ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं पाणी परत वापरता येतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. फक्त बोअरचं जड पाणी असेल तर तुकडे वाळताना वर क्षाराचा पांढरा थर धरतो. चिकटवायच्या आधी साध्या पिण्याच्या पाण्यात धुऊन पुसून घ्या. तो थर काढायला व्हिनेगर किंवा फरशीचं ॲसिड लावू नका, शिंप स्वतःच ॲसिडमध्ये विरघळते.

लाइट जाण्याचाही विचार करा. खाचेच्या मधोमध वीज गेली तर स्पिंडल थांबतो, कटर लाकडात अडकतो आणि फिरत्या अक्षाचं शून्य हरवतं. कंट्रोलर यूपीएसवर ठेवा. क्यूच्या मागच्या टोकाला शून्य अंशाची बारीक खूण करून ठेवा, म्हणजे चक सुटली तरी त्याच जागी परत येता येईल.

शिसव_लातूर

लाकडाचं बोलू, कारण मराठवाड्यात हे काम बिघडतं ते बहुतेक ऋतूमुळे.

एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते. उघडं ठेवलेलं लाकूड ५-६ टक्के ओलाव्यापर्यंत उतरतं. ऑगस्टमध्ये तेच १४-१५ पर्यंत चढतं. आडव्या दिशेनं लाकूड दर १ टक्का ओलाव्याला साधारण ०.१५ ते ०.२ टक्के हलतं. १२ मिमीच्या खाचेत आठ-नऊ टक्क्यांच्या फरकानं ०.१५ ते ०.२ मिमी झाले. शिंप हलत नाही. लांबीच्या दिशेनं लाकूडही जवळजवळ हलत नाही, म्हणून पाकळीची टोकं नीट राहतात आणि बाजू बिघडतात.

मे महिन्यात सुक्या लाकडात जडवलेला तुकडा पावसाळ्यात सैल होतो, क्लिअरमध्ये बाजूंना केसासारखी रेघ उमटते. ऑगस्टमध्ये जडवलेला मे महिन्यात आवळला जातो. चकती तो दाब सोसते. व्हेनियर सोसत नाही, ते मधून उचललं जातं किंवा त्यावर बारीक चिरा पडतात. म्हणून व्हेनियरसाठी पावसाळ्यातलं जडावकाम सगळ्यात वाईट. माझं मत असं की दसऱ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंत खाचा घ्याव्यात, ओलावा मीटरवर ८-९ टक्के असताना. मीटर नसेल तर बटचं वजन ०.१ ग्रॅमच्या काट्यावर दर चार दिवसांनी घ्या. तीन वेळा वजन तेच आलं की लाकूड हवेशी जुळलं आहे. जडवून झाल्यावर बट उघडं ठेवू नका, पहिला सीलर त्याच आठवड्यात गेला पाहिजे.

शिसवीत नैसर्गिक तेल असतं. चिकटवायच्या आधी खाच ॲसिटोननं पुसा आणि अर्ध्या तासाच्या आत गोंद लावा, नाहीतर तेल परत वर येतं. शिसवीऐवजी बाभूळ वापरणारे असतील तर त्यांना एवढी काळजी लागत नाही. पण बाभळीचा रेषा गुंतलेला असतो, खाचेच्या कडा फाटतात. कडेवर आधी पातळ सीलर देऊन वाळवा आणि मग कटर चालवा.

आणखी एक. शिसव आणि तिच्या वंशातली जवळजवळ सगळी झाडं २०१७ पासून सायटीसच्या (धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट दोनमध्ये आहेत. क्यू परदेशात पाठवायची असेल तर लाकडाची बिलं जपून ठेवा आणि त्या वेळचे नियम आधी बघा. नॉटिलसचा शिंपला कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, तो वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित आहे.

बटस्लीव्ह (छत्रपती संभाजीनगर)

इपॉक्सीबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. आराल्डाइट स्टॅन्डर्ड चालेल का? आणि पातळ व्हेनियरखाली तिचा पिवळेपणा दिसतो का?

टेपरबार (जालना)

चालेल. वजनात १०० ला ८०, आकारमानात निम्मं-निम्मं. चार पाकळ्यांना ५ ग्रॅम रेझिन आणि ४ ग्रॅम हार्डनर पुरे होतात. अंदाजानं ट्यूब दाबू नका, एवढ्या कमी मापात थोडी चूकही गोंद चिकट ठेवते. तापमान १० अंशांनी वाढलं की हाताळायचा वेळ साधारण निम्मा होतो. ४० अंशांच्या खोलीत शेवटच्या पाकळीपर्यंत गोंद दाट झालेला असतो आणि तुकडा तळाला जात नाही. मे महिन्यात काम करायचंच असेल तर पहाटे करा, आणि मिश्रण वाटीत ढीग करून ठेवण्यापेक्षा सपाट काचेवर पसरून ठेवा.

पाच मिनिटांची इपॉक्सी या कामाला नको. ती गरम झाल्यावर मऊ पडते. बंद गाडीत क्यू राहिली की पाकळीची कड वर येते.

रंगाचं म्हणाल तर दिसतो, आणि नुसता पिवळेपणाच नाही. ०.२ मिमी शिंपेतून प्रकाश आरपार जातो, म्हणून खालचा रंग वर येतो. पाउआखाली काळी इपॉक्सी द्या, निळा-हिरवा खोल दिसतो. पांढऱ्या शिंपेचं व्हेनियर असेल तर टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड मिसळा, नाहीतर शिसवीवर ती राखाडी दिसते. पूड वजनात ५ टक्क्यांच्या आत, कोरडी. पाण्यातला रंग चुकूनही नको.

चकतीची मागची बाजू १५० च्या पेपरनं खरवडा, गुळगुळीत पाठीला इपॉक्सी धरत नाही. व्हेनियरला ३२० पुरे, तिथं खरवडायला माल नाही. गोंद खाचेत आणि तुकड्याच्या पाठीला, दोन्हीकडे लावा. चकती मधून दाबून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झुकवत बसवा, म्हणजे हवा बाहेर जाते. व्हेनियरवर बटर पेपर, त्यावर सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी ओढून वेढे. वेढे मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे न्या. ट्यूब फार ताणली तर सगळा गोंद बाहेर निघतो आणि शिंप कोरडी राहते. २४ तास सोडू नका.

फ्रेमकरवत (नांदेड)

फेवीक्विकनं जडवायची सवय बऱ्याच ठिकाणी दिसायली. तुकडा तात्पुरता टेकवायला ठीक आहे. पण ती ठिसूळ असते, बट जमिनीवर आपटलं की सुटते. आणि पावसाळी हवेत शिंपेच्या कडेला पांढरी बुरशीसारखी छटा येते. मेपलमध्ये ती रेषांतून दोन-तीन मिलिमीटर आत शिरून डाग पाडते. जडवायला इपॉक्सीच.

पॉलिशघर (परभणी)

इपॉक्सी कडक झाली म्हणजे मुरली असं नाही. जडवल्यापासून किमान आठ दिवस शेवटचं सँडिंग करू नका. घाई केली तर गोंदाची रेघ महिन्याभरात खाली बसते आणि चकचकीत क्लिअरमध्ये पाकळीच्या भोवती खोलगट खूण दिसते.

चकतीवरून टेपर उतरवताना एका पासला ०.१ च्या वर नको, फीड सावकाश. शेवटचे ०.१ मिमी हत्यारानं न घेता पेपरनं घ्या, हत्यार शिंपेच्या कडेचे टवके काढतं. पेपरच्या मागे कडक पट्टी हवी, ॲल्युमिनियमची किंवा जाड ॲक्रिलिकची. शिंप लाकडापेक्षा कठीण. नुसत्या हातानं किंवा स्पंजनं घासलंत तर लाकूड झिजतं आणि शिंपेचं टेकाड राहतं. बोट फिरवलं की लगेच कळतं. १८० ने सुरुवात, मग २४०, ३२०, ४००. पेपर गरम झाला की थांबा, उष्णतेनं गोंद मऊ होतो आणि काळी भुकटी शिंपेच्या थरांमध्ये जाऊन बसते. ती मग निघत नाही.

व्हेनियरवर घासणं कमी करा: ४०० नं गोंदाचा फुगवटा काढा, शिंपेला पेपर लागला की लगेच थांबा. शिंपेवरचा गोंदाचा थर गेला की पेपरच्या ओरखड्याचा रंग बदलतो, पिवळसर भुकटी पांढरी व्हायला लागते. तोच इशारा.

शिंपेला रंध्रं नाहीत, त्यामुळे क्लिअर लाकडाला धरतं आणि शिंपेवरून सुटतं. सुटलेली जागा आधी पांढरट ठिपका म्हणून दिसते. टाळायचं असेल तर ४०० नं खरवडलेल्या अख्ख्या स्लीव्हवर इपॉक्सी सीलरचा पातळ हात द्या, वाळल्यावर ६०० मारा, मग दोन घटकांचं पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर. तीन-चार पातळ हात, मध्ये एक दिवस. शेवटी १०००, १५००, २००० ओले आणि मग कंपाउंड. सीलरच्या आधी बोटांचा स्पर्श नको, घामाचा ठसा शिंपेवर कायम राहतो.

टेपरबार (जालना)

यात एक जोडतो. व्हेनियर बटस्लीव्हवर ठीक, कारण तिथं हात फार फिरत नाही. रॅपच्या (मुठीवरच्या गुंडाळीच्या) लगत, जिथं हात रोज घासतो, तिथं अखंड चकतीच घाला. क्लिअर झिजलं तर चकतीवर पुन्हा सँडिंग करून नवं क्लिअर देता येतं. ०.२ च्या व्हेनियरला दुसरी संधी नसते.

बटस्लीव्ह (छत्रपती संभाजीनगर)

मग ठरवलं असं: चार पाकळ्या पांढऱ्या चकतीच्या, दोन-दोन अर्धे, शिरेला काळी इपॉक्सी. त्यांच्या मध्ये पाउआच्या चार पट्ट्या, ३ मिमी रुंद, व्हेनियरच्या, म्हणजे वाकवण्याची गरज नाही. शंका एवढीच: चकती टेपरच्या आधी आणि व्हेनियर नंतर, तर दुसऱ्यांदा मशीनवर चढवताना पट्ट्या पाकळ्यांच्या बरोबर मध्ये कशा येतील?

चौथाअक्ष (वाळूज)

मागच्या टोकाची शून्याची खूण फक्त जवळपास आणते, तेवढ्यावर सोडू नका. ३० व्यासाला १ अंश म्हणजे पृष्ठभागावर ०.२६ मिमी. पाकळीच्या दोन्ही बाजूच्या कडा मायक्रोस्कोप कॅमेऱ्यानं किंवा बारीक सुईनं पकडा, दोन्ही कोन वाचा आणि त्यांची सरासरी घ्या. तोच पाकळीचा खरा मध्य. चारही पाकळ्यांचं असं वाचन घ्या. एखादी ०.२-०.३ अंशांनी सरकलेली निघाली तर पट्टी ४५ अंशांवर न ठेवता शेजारच्या दोन पाकळ्यांच्या मध्यांच्या मधोमध ठेवा, डोळा तिथलं अंतर बघतो.

पट्टी ३ मिमीला कड ०.०७५ उतरते, ०.२ मध्ये बसते. पण तळ सपाट घ्यायचा, गोल नाही. खोली माथ्यापासून ०.२० घ्या, गोंदाची जाडी धरली की पट्टीचा मध्य ०.०५ वर राहतो आणि कडा ०.१२-०.१३. घासून समतल झाल्यावर मध्याला ०.१५ आणि कडेला ०.०७-०.०८ शिंप उरते. काळी इपॉक्सी खाली असेल तर एवढ्या पातळ कडेचाही रंग टिकतो. पट्टी ३ च्या वर रुंद करू नका.